त्रिरात्र

वकिलाच्या लेखणीतून आयुष्यभरात पुष्कळ कठोर शब्द उतरत असतात. फसवणूक, विश्वासघात, क्रौर्य, परित्याग हे शब्द आम्ही अर्जांतून इतक्या वेळा लिहिले आहेत की आमच्यापुरती तरी त्यांची धार बोथट झाली आहे. वाटणीच्या दाव्यात एकमेकांस लबाड म्हणणारे दोघे भाऊ पुढल्या जत्रेस पालखीच्या एकाच दांड्याखाली खांदा देताना दिसतात, आणि आपण काय लिहिले होते याची त्यांना आठवणही नसते. परंतु एक शब्द असा आहे की तो लिहिताना आमची लेखणी आजही थबकते. 'नपुंसक' हा तो शब्द. न्यायालयाच्या कागदावर तो एकदा चढला की पुसून निघत नाही. दावा निकालात निघतो, उभयता आपापल्या मार्गाने जातात, पण त्या माणसाच्या पाठीमागे तो शब्द गावभर चालत राहतो.

या मासिकाचे बहुतेक वाचक कोणत्या ना कोणत्या देवस्थानाचे महाजन वा कुळावी आहेत. अशा घरांत प्रस्तुत लेख मोठ्याने वाचला जाणार नाही हे आम्ही जाणून आहो. मनात वाचला तरी पुरे.

प्रथम कायद्याची थोडी ओळख करून देणे भाग आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमान्वये, प्रतिवादीच्या नपुंसकत्वामुळे विवाहाची शारीरिक परिपूर्ती झाली नसेल तर तो विवाह रद्द ठरविता येतो. कलमाचे हे रूप १९७६ च्या दुरुस्तीने आलेले आहे. कायद्याच्या दृष्टीने पुरुषाप्रमाणे स्त्रीही या शब्दाच्या कक्षेत येते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. घटस्फोटाचा अर्ज विवाहास एक वर्ष लोटल्याखेरीज सामान्यतः दाखल करता येत नाही, आणि परस्परसंमतीच्या घटस्फोटासही वर्षभराचा विभक्तवास लागतो. विवाह रद्द करण्याच्या या अर्जास मात्र असे वर्षाचे बंधन नाही. शिवाय विवाहच रद्द झाला की मुलीच्या नावामागे 'घटस्फोटित' हे विशेषण लागत नाही, अशी मामामंडळींची समजूत असते. परिणामी, ज्यांना लवकर मोकळे व्हावयाचे आहे त्यांस हा आडरस्ता फार मोहक दिसतो. आम्ही बेळगावास वकिली करतो, तेथली ही गोष्ट. घाट उतरून गोव्यात गेले की हा कायदा लागू नाही, तेथे पोर्तुगीज अमदानीपासूनचा नागरी कायदा चालतो. कलमे निराळी असली तरी त्यांच्यामागची बंद खोली दोन्हीकडे एकाच तऱ्हेची असते.

अशी मंडळी आमच्या कचेरीत येतात ती बहुधा दुपारी, इतर पक्षकार नसताना. विवाह फाल्गुनात झालेला असतो आणि श्रावण लागण्यापूर्वी अर्ज व्हावा अशी घाई असते. मुलीचे वडील येतात, मामा येतात, मुलगीही येते, पण ती बोलत नाही. काय झाले म्हणून विचारले, तर मामा सांगतात, "वकीलसाहेब, काहीच झालं नाही, हीच तर तक्रार आहे!"

'काहीच झाले नाही' याचा अर्थ काय, हे आम्ही पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहो, आणि त्यावरून एक चित्र आमच्या मनाशी पक्के झाले आहे. लग्नाचे चार दिवस अखंड जागरण. हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागतसमारंभ, त्यानंतर गोंधळ वा सत्यनारायण. वर आणि वधू हजार माणसांस नमस्कार करून थकलेली. मग मध्यरात्रीच्या सुमारास भावंडांनी थट्टामस्करी करीत फुलांनी सजविलेल्या खोलीत त्यांना लोटावयाचे, आणि दाराबाहेर सतरंजीवर आत्या, मावशा नि त्यांची मुले निजलेली. ज्या दोघांनी आजवर एकमेकांचा हातही धरलेला नसतो, त्यांनी पहाटेपर्यंत एक कर्तव्य पार पाडावयाचे असते. सकाळी चहाच्या वेळी सासू सुनेचा चेहरा निरखते. तिसऱ्या दिवशी काका पुतण्यास बाजूला घेऊन विचारतात, "सगळं ठीक ना?" त्या प्रश्नाने जे काही ठीक होण्याच्या मार्गावर असेल तेही बिघडते.

ते का बिघडते याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. आपल्या शरीरातील पुष्कळ व्यवहार इच्छेच्या हुकमतीबाहेर चालतात. हृदय, आतडी, डोळ्यांच्या बाहुल्या आपल्या आज्ञेची वाट पाहत नाहीत. त्यांचा कारभार पाहणाऱ्या मज्जातंतूंचे दोन विभाग आहेत. एक संकटकाळचा, दुसरा विसाव्याचा. कुळागरात पायाशी सरपटणारे जनावर दिसले की पहिला जागा होतो. अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धाव घेते, तोंडाला कोरड पडते. दुसरा विभाग अन्नपचनाचा, विश्रांतीचा. आणि पुरुषाच्या इंद्रियाचे उत्थान हे मुख्यतः या दुसऱ्या विभागाचे काम आहे. कण्याच्या अगदी खालच्या भागातून निघणारे तंतू तेथील रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैल करतात, आणि सैल झालेल्या वाहिन्यांत रक्त भरते. म्हणजे ज्यास लोक पौरुषाचा जोर समजतात ती वस्तुतः एक शिथिलता आहे! भीती वाटली की पहिला विभाग त्या स्नायूंस आवळतो आणि सगळा कारभार बंद पडतो. निसर्गाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. पळणाऱ्या प्राण्याने त्या क्षणी प्रजोत्पादनाच्या भानगडीत पडू नये.

परंतु मनुष्यप्राण्यास भीती वाटावयास जनावर लागत नाही, दाराबाहेरची आत्याही पुरते. पहिल्या रात्री थकवा आणि संकोच आडवा येतो. दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीची आठवण आडवी येते. तिसऱ्या रात्रीपासून तो तरुण पती राहतच नाही, तो स्वतःच्याच शरीराचा परीक्षक होऊन बसतो. अमेरिकेत सेंट लुई येथे विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी शरीराच्या या व्यवहारांचे प्रयोगशाळेत मोजमाप करून १९६६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९७० साली बिघडलेल्या दांपत्यांवर दुसरा. त्या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी याच अवस्थेवर बोट ठेवले आहे: माणूस आपल्याच शय्येवर प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षकाला नाटक करता येत नाही.

मुलीकडची बाजू तर याहून मुकी. डोळ्यापाशी बोट नेले की पापणी मिटते, ती कोणी मिटवावी लागत नाही. तसेच कटिभागाच्या तळाशी असलेले स्नायू भीतीने आपोआप आवळले जातात आणि समागम अशक्य होतो. अशी मुलगी हट्टी नसते, तिला पतीचा तिटकारा असतोच असे नाही. कित्येकदा तिने मैत्रिणींकडून वेदनेच्या आणि रक्ताच्या कथा ऐकलेल्या असतात, एवढेच. वस्तुतः योनिपटल ही काही मोहोर लावलेली थैली नव्हे. ते प्रत्येकीचे निराळे असते, आणि प्रथम समागमात पुष्कळ स्त्रियांस रक्तस्राव होतही नाही. स्त्रीच्या शरीराविषयी शास्त्रज्ञही फारसे उत्सुक नव्हते असे दिसते. तिच्या सुखेंद्रियाची आतपर्यंत पसरलेली पूर्ण रचना ऑस्ट्रेलियातील शल्यवैद्य हेलन ओकॉनेल यांनी नीट मांडली ती १९९८ साली. त्याच वर्षी पुरुषांसाठीची ती सुप्रसिद्ध निळी गोळी अमेरिकेत विक्रीस आली होती. ती शोधली जात होती हृदयशूळावर, हा भाग निराळा. या गोळीचीही एक मौज आहे. रक्त टिकवून धरण्याचे काम ती करते, पण मुळात इच्छेचा निरोप मेंदूतून निघालाच नसेल तर ती काहीही करू शकत नाही.

आता न्यायालयाकडे वळू. असा अर्ज आला की वैद्यकीय तपासणीची मागणी होते. वैवाहिक दाव्यात न्यायालयास अशा तपासणीची आज्ञा देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली शारदा विरुद्ध धर्मपाल या निवाड्यात स्पष्ट केले. तरुण सरकारी रुग्णालयात जातो, डॉक्टर तपासतात आणि दाखला देतात. त्या दाखल्याची भाषा आमच्या फार आवडीची आहे. 'हा इसम समागमास असमर्थ आहे असे दर्शविणारे काहीही आढळले नाही' अशा अर्थाचे ते वाक्य असते. तो समर्थ आहे असे डॉक्टर म्हणत नाहीत. दोन नकारांच्या मध्ये तो बिचारा उभा असतो. वैद्यक येथे प्रामाणिकच आहे, कारण रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू तपासता येतात, पण दाराबाहेरची सतरंजी तपासता येत नाही. निरोगी पुरुषास झोपेत, स्वप्नांच्या काळात, रात्रीतून अनेकदा उत्थान होत असते. जो झोपेत धडधाकट आणि जागेपणी असमर्थ, त्याचा रोग शरीरात शोधून सापडणार कसा?

कायद्यास हे अगदीच ठाऊक नाही असे मात्र नव्हे. दिग्विजयसिंह विरुद्ध प्रतापकुमारी या १९६९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने नपुंसकत्वाची व्याख्या करताना शारीरिक अवस्थेच्या बरोबरीने मानसिक अवस्थेचाही उल्लेख केला आहे. इतर सर्वत्र समर्थ असलेला माणूस एका विशिष्ट जोडीदाराच्या बाबतीत असमर्थ असू शकतो, हे तत्त्वही न्यायालये मानीत आली आहेत. मन आणि शरीर यांची ही गुंतागुंत कायद्याला कळते. त्याला कळत नाही ती एकच गोष्ट: आज असलेली अवस्था उद्या असेलच असे नाही.

आणि येथेच आमचे जुने धर्मशास्त्र आम्हांस अधिक जाणते वाटते. नारदस्मृतीत स्त्रीपुंसयोगाच्या प्रकरणात षंढत्वाचे चौदा प्रकार सांगितले आहेत. त्यांत जन्मतः असलेला आहे, रोगाने झालेला आहे, मत्सरावाचून ज्याची वासना जागी होत नाही असाही आहे. परंतु आमचे लक्ष वेधून घेतात ते शेवटचे दोघे. एकाचे नाव 'शालीन' आणि दुसऱ्याचे 'अन्यापति'. लाजेमुळे असमर्थ झालेला तो शालीन. परस्त्रीच्या ठायी समर्थ पण स्वस्त्रीच्या ठायी नसलेला तो अन्यापति. जेथे प्रेम आहे तेथे वासना चालत नाही आणि जेथे वासना चालते तेथे प्रेम नसते, अशा पुरुषांविषयी फ्रॉईडने १९१२ साली निबंध लिहिला. नारदाने त्यास एका शब्दात नोंदवून ठेवले होते. आज ज्यास आपण सुशील मुलगा म्हणून वाखाणतो, त्याच्याच गुणाचे नाव स्मृतिकाराने या यादीत घालावे, यात केवढी सूक्ष्म दृष्टी आहे! याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नारद सर्वांना एकाच मापाने मोजीत नाही. जे असाध्य ते असाध्य म्हणतो, पण इतर काही प्रकारांत पत्नीने महिनाभर, काहींत सहा महिने, काहींत वर्षभर वाट पाहावी असे सांगतो, आणि त्यानंतर तिला मोकळीकही देतो. शिवाय विवाहापूर्वी वराच्या पुंस्त्वाची परीक्षा करावी असे त्याचे म्हणणे आहे, आणि याज्ञवल्क्यही तेच म्हणतो. आपण परीक्षा करतो ती पत्रिकेची. छत्तीस गुणांपैकी चार योनीचे, आणि ती योनी म्हणजे अश्व, गज, मार्जार, मूषक अशा चौदा प्राण्यांची यादी. मांजर आणि उंदीर एका घरात नकोत एवढी काळजी घेतली की आपले समाधान होते.

वाट पाहण्याची गोष्ट विवाहविधीतच गुंफलेली होती. आपल्यातील ऋग्वेदी घरांचे कर्म ज्या आश्वलायनाच्या गृह्यसूत्रावर चालते, ते सांगते की विवाहानंतर वधूवरांनी तीन रात्री, किंवा बारा रात्री, किंवा वर्षभर ब्रह्मचर्याने राहावे, क्षार आणि लवण खाऊ नये, भूमीवर निजावे. आपस्तंबाचे सूत्र याहून चित्रमय आहे. दोघांच्या अंथरुणांमध्ये गंध लावलेला, वस्त्राने वेष्टिलेला एक दंड ठेवावयाचा. तो विश्वावसू गंधर्व. चौथ्या रात्री मंत्राने त्याची बोळवण करावयाची आणि मग चतुर्थीकर्म. म्हणजे तीन रात्री ती दोघे एका खोलीत, शेजारी शेजारी, पण कोणतीही परीक्षा नाही, कारण परीक्षा देण्यास शास्त्राचीच मनाई. शालीनास याहून मोठे अभयदान कोणते?

वात्स्यायनाने तर या तीन रात्रींवर वादच मांडला आहे. बाभ्रवीयांचा आक्षेप असा की, तीन रात्री नवरा खांबासारखा मुका बसलेला पाहून मुलगी खिन्न होईल, आणि त्याला तृतीय प्रकृतीचा समजून त्याची अवहेलना करील. आमच्या कचेरीतल्या मामांचा आक्षेप याहून निराळा नाही. वात्स्यायनाचे उत्तर मोठे मार्मिक आहे. त्याने तिच्याशी बोलावे, तिचा विश्वास संपादावा, पण ब्रह्मचर्य मोडू नये. घाईने वा बळजोरीने केलेला उपक्रम मुलीच्या मनात पुरुषजातीविषयीच भय आणि द्वेष उत्पन्न करतो, असा इशारा तो देतो, आणि कन्याविस्रंभण या प्रकरणात विडा देण्यापासून पुढे एकेक पायरी सांगत जातो. आता मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या १९७० च्या ग्रंथातील उपचार पाहा. त्यांची पहिली आज्ञा कोणती? समागमास पूर्ण बंदी. पहिले काही दिवस दांपत्याने एकमेकांस केवळ स्पर्श करावा, कोणत्याही फलाची अपेक्षा न ठेवता. अपेक्षा उठली की भीती उठते, आणि भीती उठली की शरीर आपले काम आपण करू लागते.

सगळे आधुनिक शास्त्र वेदांत शोधणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. सूत्रकारांस मज्जातंतू ठाऊक नव्हते, आणि त्यांचा हेतू उत्तम संततीचा आणि शुचितेचा होता, उपचाराचा नव्हे. परंतु मनुष्यस्वभाव त्यांनी पाहिलेला होता, आणि एवढे पाहिलेले असणे पुरेसे होते.

ही तीन रात्रींची सवलत गेली कशी? आमच्या समजुतीप्रमाणे बालविवाहाने. वधू आठ-दहा वर्षांची झाली तेव्हा चौथ्या दिवसाच्या विधीस अर्थच उरला नाही. तो मांडवातला एक उपचार झाला, आणि खरे शय्यागमन पुढे न्हाण आल्यावर फलशोभनाच्या वेळी, तेही गावजेवणासह. मग १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि दहाची मर्यादा बारावर गेली. तेवढ्यावर महाराष्ट्रात केवढे रण माजले हे सर्वश्रुत आहे. आज वधू सव्वीसची आणि वर तिशीचा असतो. तीन रात्रींची गरज पुन्हा उत्पन्न झाली आहे, पण विधी परत आलेला नाही. त्याच्या जागी तिसऱ्या दिवशीचे विमानाचे तिकीट आले आहे.

मधल्या काळात जे ज्ञान विधीतून मिळत नव्हते ते भिंतींवरून मिळू लागले. बसस्थानकाच्या मागल्या भिंतीवर चुन्याने रंगविलेली 'गुप्तरोग, धातुदौर्बल्य, शर्तिया इलाज' ही अक्षरे ज्याने वाचली नाहीत असा आमच्या पिढीतील पुरुष नसेल. वास्तविक संभोगशक्ती वाढविण्याच्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने बंदी आहे. भिंतीस ते कोणी सांगितलेले नसावे. शुक्राचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हा हिशोब याच भिंतींनी पोसला. या भीतीने खंगणाऱ्या तरुणांच्या अवस्थेस डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली मानसोपचाराच्या ग्रंथांत नाव मिळवून दिले. वस्तुस्थिती अशी की शुक्रबीजे निरोगी शरीरात अहोरात्र तयार होत असतात, त्यांच्या वाढीस सुमारे अडीच महिने लागतात, आणि बाहेर पडणाऱ्या द्रवाचा फार मोठा भाग केवळ ग्रंथींचा स्राव असतो. ब्रह्मचर्य हे व्रत म्हणून थोर आहेच. पण व्रत स्वेच्छेने घ्यावयाचे असते, जाहिरात वाचून नव्हे.

मराठीत हे स्पष्ट सांगणारा एक मनुष्य होऊन गेला. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, मृत्यूपावेतो, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांच्या खाजगी शंकांस त्यांत कोरडी, शास्त्रशुद्ध उत्तरे असत. अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांस दोनशे रुपये दंड झाला. खटला हरला, पण आम्हां वकीलमंडळींस जिंकलेल्या पुष्कळ खटल्यांपेक्षा तो अधिक अभिमानाचा वाटतो. कर्व्यांची सगळी मते आम्हांस मान्य नाहीत, धर्माविषयीची तर मुळीच नाहीत. त्याने त्यांच्या उत्तरांची किंमत कमी होत नाही.

आमच्या कचेरीत आता असा रिवाज पडला आहे की अशी मंडळी आली म्हणजे मामांना बाहेरच्या बाकावर बसवून चहा पाजावयाचा आणि आत दोघांशी निरनिराळे बोलावयाचे. एका दांपत्यास आम्ही अर्ज न लिहिता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले. तेथे त्यांस पहिली आज्ञा झाली ती अर्थातच बंदीची. पाच-सहा महिन्यांनी मुलाचे वडील येऊन आमची फी विचारू लागले. अर्ज लिहिलेलाच नाही तर फी कसली, असे आम्ही म्हटले, तर देवाचा प्रसाद म्हणून नारळ ठेवून गेले.

दुसऱ्या एका प्रकरणात लग्नास तीन वर्षे झाली होती. मूल होत नाही म्हणून सुनेस तीन देवळांत नवस बोलावयास लावले होते, ओट्या भरविल्या होत्या, गर्भाशयाच्या तपासण्या झाल्या होत्या. कोणत्याही डॉक्टराने, कोणत्याही सासूने, एक साधा प्रश्न तिला विचारला नव्हता. तो विचारला गेला तो आमच्या कचेरीत: तुमचा समागम होतो का? ती मान खाली घालून म्हणाली, "नाही. पण हे मी कुणाला सांगायचं होतं?" मूल नाही म्हणजे दोष स्त्रीचा, हा न्याय आमच्याकडे जुना आहे. गोव्यातील हिंदूंसाठी पोर्तुगीज सरकारने १६ डिसेंबर १८८० रोजी काढलेल्या फर्मानात, पत्नीच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्य झाले नाही तर पतीस दुसऱ्या विवाहाची मुभा लिहून ठेवलेली होती. पतीस काही झाले असेल याची शंका या तरतुदीस शिवली नाही. या मुलीच्या प्रकरणात विवाह अखेर रद्द झाला. तीन वर्षांत त्या दोघांत बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते.

तिसरे प्रकरण सांगताना आमच्या मनाची चलबिचल होते. तो तरुण शालीनही नव्हता आणि रोगीही नव्हता. त्याचे मन मुळात स्त्रीकडे वळणारेच नव्हते, आणि हे त्याला पंधराव्या वर्षापासून ठाऊक होते. घरच्यांसही संशय होता. लग्न केले की सुधारेल, या हिशोबाने त्यांनी मुलगी पाहिली. अशा ठिकाणी तीनच काय, तीनशे रात्रींनीही काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी आकर्षणास १९९० साली रोगांच्या यादीतून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंह जोहर यांच्या निवाड्यात प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांस गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख माणसांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात या प्रवृत्तीचे एकच असे जनुक सापडले नाही, अनेक जनुकांचे थोडेथोडे वजन दिसले, उरलेले आणखी कोठे. कारणे काहीही असोत, ती त्या मुलाने निवडलेली नव्हती. पण त्या मुलीनेही काही निवडले नव्हते. तिच्या वतीने आम्ही अर्ज लिहिला तो नपुंसकत्वाच्या आधारे नव्हे, फसवणुकीच्या आधारे. तो उघड झाल्यापासून वर्षाच्या आत लिहावा लागतो. 'मग आमच्या मुलास तुम्ही लबाड ठरविणार?' असे त्याच्या वडिलांनी आम्हांस विचारले. लबाडी मुलाची किती आणि वडिलांची किती, हे विवरण अर्जाच्या नमुन्यात बसत नाही. हे दावे बंद दारांआड चालतात आणि त्यांचा वृत्तांत छापण्यास कायद्याची मनाई आहे, म्हणून अधिक काही लिहीत नाही.

मध्यंतरी आमच्या घरच्या पुरोहितांशी या विषयावर बोलणे झाले. चतुर्थीकर्माची पोथी त्यांच्यापाशी आहे आणि प्रयोगही त्यांस मुखोद्गत आहे. परंतु सभागृह सायंकाळी पाचाच्या आत रिकामे करून द्यावयाचे असल्याने चारही दिवसांची कर्मे ते एकाच दुपारी उरकून टाकतात. उपवर मुलांच्या आईबापांस ते आपण होऊन काही सुचवीत नाहीत. सुचविले तर खर्च वाढतो म्हणून मंडळी तोंड वाकडे करतात. इतक्या वर्षांत चौथ्या दिवसाचे कर्म चौथ्या दिवशीच ठेवा असे त्यांस दोनच घरांनी सांगितले. त्यांपैकी एका ठिकाणी वधू स्वतः डॉक्टर होती आणि पोथीचा अर्थ तिनेच विचारून घेतला होता. दुसऱ्या ठिकाणी ते ठरल्याप्रमाणे सकाळी साडेसातास समिधा, तूप आणि चरूचे साहित्य घेऊन हजर झाले, तेव्हा वधूवर गप्पांत रात्र जागून नुकतीच निजलेली होती, आणि त्यांस उठवावयास कोणी धजेना. होम सुरू व्हावयास साडेदहा वाजले. दुसऱ्या यजमानाकडचे श्राद्ध त्यामुळे लांबले, याची भटजींस अजून तक्रार आहे.